मॉडेल टगबोटीला मोटर कोणती लावायची? पंख्यापासून मागे मोजत या

रिमोटच्या गाड्या पळवणारा माणूस टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी बोट, बांधायला घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात गाडीचीच मोटर असते. दुकानदारही तीच काढून देतो: ५४० साइजची, मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे मारणारी. ती जोडली की पंखा (प्रोपेलर) पाणी घुसळतो, फेस काढतो, मोटर तापते, बॅटरी बसते, आणि बोट शेपूट पाण्यात दाबून जेमतेम पुढे सरकते. टगला ओढ हवी म्हणून जबरदस्त मोटर, हे गणित इथंच फसतं. टगला हवा मोठा पंखा, सावकाश फिरणारा. त्यामुळे आधी बोट, मग पंखा, मग पंख्याला लागणारे फेरे, मग बॅटरी आणि मोटर सगळ्यात शेवटी. दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

हिशेबासाठी एकच बोट धरून चालू. जुन्या धाटणीची, एका पंख्याची, बंदरात काम करणारी २४ मीटर लांब टग, स्केल १:३२. म्हणजे मॉडेल ७५ सेंटिमीटर. गुजरातमधल्या दहेज बंदरात २००४ पासून एलएनजीची (द्रवरूप नैसर्गिक वायूची) जहाजं येतात, तशा प्रचंड जहाजांना हाताळणाऱ्या आजच्या टगांची रचना वेगळी असते. पंखे तळाखाली चारी दिशांना फिरतात. पहिल्या बोटीला त्या वाटेला जाऊ नका. शेवटी त्याबद्दल थोडं लिहिलं आहे.

पायरी १: वजन, वेग आणि ओढ

खरी टग ३०० टनांची धरा. वजन स्केलच्या घनाने उतरतं. ३२ चा घन ३२,७६८. तेवढ्याने ३०० टनांना भागलं की मॉडेलचं वजन ९ किलोच्या थोडं वर येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण ७५ सेंटिमीटरची टग योग्य पाणरेषेवर बसवायला एवढं वजन लागतंच. बॅटरी निवडताना याचा फार उपयोग होणार आहे.

वेग स्केलच्या वर्गमुळाने उतरतो. ३२ चं वर्गमूळ ५.६६. खरी टग १२ नॉटने जात असेल तर मॉडेलचा वेग साधारण २.१ नॉट, म्हणजे सेकंदाला १.१ मीटरच्या आत. काठाकाठाने रमतगमत चालणारा माणूस याच वेगाने जातो. याहून जास्त वेगाची हाव धरून उपयोगही नाही, कारण पाण्यात वजनाने बसून चालणाऱ्या बोटीला लांबीने घातलेली मर्यादा असते. पाणरेषेची लांबी मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, १.२५ ने गुणा. सेकंदाला किती मीटर ते कळतं. आपल्या बोटीचं उत्तर १.०८. त्यापुढे कितीही वीज ओतली तरी नाकासमोर लाट चढत जाते आणि मागचा भाग खाली बसतो, वेग वाढत नाही.

आता ओढ. दोरी खांबाला बांधून पूर्ण ताकदीने ओढल्यावर दोरीवर जेवढा ताण येतो, त्याला टगवाले बोलार्ड पुल म्हणतात. टगची पत या आकड्यावर ठरते. आपल्या धाटणीच्या टगची ओढ २० टन धरा. हाही आकडा घनाने उतरतो: २०,००० किलो भागिले ३२,७६८, म्हणजे सुमारे ६१० ग्रॅम. बस, एवढंच. अगदी आजच्या ६० टन ओढीच्या टगचं याच स्केलवरचं मॉडेलही १.८ किलोवर थांबतं. हा आकडा एकदा स्वतः काढलात की दोनशे-तीनशे वॉटच्या मोटरींकडे नजर जाणार नाही.

पायरी २: पंखा

खऱ्या टगचा पंखा दोन मीटर व्यासाचा असेल तर मॉडेलचा साधारण ६० मि.मी. चार पात्यांचा, रुंद पात्यांचा घ्या. स्पीडबोटीचे दोन पात्यांचे टोकदार पंखे टगला शोभत नाहीत आणि चालतही नाहीत. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री किती पुढे जाईल ते अंतर. टगसाठी व्यासाच्या ०.७ ते ०.८ पट पिच ठीक. आपण ४८ मि.मी. धरू.

पिचवरून फेरे काढता येतात. पाणी काही घट्ट नसतं, त्यामुळे पंखा तिथल्या तिथे घसरतो. टगसारख्या जड बोटीत ४० टक्के घसरण धरायला हरकत नाही. म्हणजे एका फेऱ्याला बोट २९ मि.मी. पुढे जाते. सेकंदाला १.०८ मीटर जायचं तर सेकंदाला ३७-३८ फेरे, मिनिटाला साधारण २,३००. ओढीच्या बाजूने हिशेब केला तरी ६० मि.मी.चा असा पंखा २,३०० फेऱ्यांच्या आसपास सहाशे ग्रॅम ओढ काढतो. दोन्ही वाटांनी एकाच गावाला पोचलो, म्हणजे आकडा धरायला हरकत नाही.

मोठ्या पंख्याचा आग्रह का, तेही इथंच बघून घ्या. ओढ व्यासाच्या चौथ्या घाताने आणि फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने आणि फेऱ्यांच्या घनाने. समजा जागा नाही म्हणून तुम्ही ४० मि.मी.चा पंखा लावला. तेवढीच ओढ काढायला त्याला सव्वादोन पट, म्हणजे पाच हजारांच्या वर फेरे लागतील आणि ताकद दीडपट लागेल. वर आवाज, कंप आणि फेस. हलमध्ये, म्हणजे बोटीच्या सांगाड्यात, बसेल तेवढा मोठा पंखा घ्या. फक्त पात्याचं टोक आणि हल यांच्यात पाच-सहा मि.मी. मोकळी जागा ठेवा.

पंख्याभोवती नळकांड्यासारखी कडी दिसते ती कॉर्ट नोझल. लुडविग कॉर्ट या जर्मन इंजिनिअरने १९३० च्या दशकात ती रूढ केली. जागेवर उभं राहून ओढताना तिने साधारण पाव भाग जास्त ओढ मिळते, वेगात जाताना फायदा जवळपास उरत नाही. मॉडेलमध्ये पात्याचं टोक आणि कडी यांतली फट एखाद्या मि.मी.पर्यंत आणता आली तरच लावा. तीन-चार मि.मी. फट राहिली की ती नुसती शोभेची, वर गवत अडकायला जागा.

पंखा पितळीच असावा असं नाही. नायलॉनचा चांगला चार पात्यांचा पंखा तेवढंच काम करतो. पण घेताना तो उजवा की डावा हे विचारा (मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरून बोट पुढे नेतो तो उजवा), आणि भोकाचे आटे एम-४, म्हणजे ४ मि.मी.चे, आहेत का ते बघा. मॉडेल बोटींत हाच आटा सर्वांत जास्त चालतो.

पायरी ३: बॅटरी

विमानवाल्या मित्रांचं इथे ऐकू नका. त्यांना ग्रॅम वाचवायचे असतात, आपल्याला किलो भरायचे आहेत. हल, डेक, केबिन, मोटर सगळं धरून तीन-साडेतीन किलो होईल. बाकीचे सहा किलो तुम्ही शिशाचे तुकडे किंवा छर्रे ओतून भरणारच आहात, मग त्यातले दोन किलो कामाचे का नसावेत? युपीएस आणि चोर-अलार्ममध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी दोन किलोच्या थोडी वर भरते. आकार १५१ बाय ६५ बाय ९४ मि.मी. इलेक्ट्रिकच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळते. आडवी ठेवली तरी चालते, उलटी मात्र ठेवू नये.

विकत घेण्याआधी रिकामा हल हौदात किंवा टबात सोडा आणि त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. पाणरेषा कुठे येते, पुढचा भाग वर राहतो की मागचा, हे दहा मिनिटांत कळतं, आणि बॅटरीची जागा त्यावरून ठरवा. जेवढी खाली, तेवढी बरी. बॅटरी पट्ट्याने बांधाच. बोट कलल्यावर दोन किलोचं वजन एका अंगाला सरकलं तर ती परत उभी राहत नाही.

लेड-अॅसिडला खोलवर रिकामं केलेलं आवडत नाही, अर्ध्यावर थांबा. विसावलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.१ च्या आसपास आला की घरी चला. चार्जरचा व्होल्टेज बॅटरीच्या अंगावर छापलेला असतो. ‘सायकल’ वापरासाठीचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरून चार्ज करण्यासाठीचा, आकडा पाहायचा; कायम चार्जवर ठेवण्यासाठीचा ‘स्टँडबाय’ आकडा नव्हे.

लिथियम पॉलिमर लावूच नये असं नाही. पण मे महिन्यात बडोद्यात पारा ४० च्या वर असतो, बोट गाडीच्या डिकीत बंद असते, आणि नवख्या माणसाचं चार्जिंगकडे लक्ष असेलच असं नाही. पहिल्या बोटीला लेड-अॅसिडच बरी.

पायरी ४: आता मोटर

पंख्याला पाण्यात २,३०० फेरे हवेत. ब्रशवाली डीसी मोटर बिनभाराच्या फेऱ्यांच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश वेगाला सुखात असते. त्याहून दाबली की वीज उष्णतेत जाते. निम्म्या फेऱ्यांवर दाबली तर जोर सर्वांत जास्त निघतो खरा, पण मोटर थोड्याच वेळात भाजते. म्हणून २,३०० भागिले ०.७७: बिनभाराचे साधारण ३,००० फेरे, १२ व्होल्टवर. हा आकडा घेऊन दुकानात जायचं.

३,००० फेऱ्यांची १२ व्होल्ट मोटर सरळ मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर एक सोपी युक्ती आहे. डीसी मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात उतरतात. म्हणून ७७५ साइजची, २४ व्होल्टला ६,००० फेऱ्यांची मोटर घ्या आणि १२ व्होल्टवर चालवा. ३,००० फेरे मिळाले. मोटर आपल्या ऐपतीच्या निम्म्यावर चालते, तापत नाही, ब्रश टिकतात. ७७५ चा घेर ४२ मि.मी., शाफ्ट ५ मि.मी. आणि वजनही भरपूर, जे टगमध्ये फुकट जात नाही. आपल्या पंख्याला २,३०० फेऱ्यांवर साधारण नऊ-दहा वॉट पोचवावे लागतात. अशी मोटर त्यासाठी दीड ते दोन अँपिअर ओढते. सात अँपिअर-अवरच्या बॅटरीतले निम्मे वापरले तरी पूर्ण वेगाने दीड-दोन तास, आणि टग पूर्ण वेगाने सतत कोण चालवतो!

अडचण एकच: ७७५ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच डब्यात ३,००० फेऱ्यांचीही मोटर असते आणि १५,००० चीही, आणि लेबलावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. दुकानात १२ व्होल्टवर लावून बघा. मोटर बिनभाराची अर्ध्या अँपिअरच्या आत चालली पाहिजे. दीड-दोन अँपिअर खात असेल तर ती वेगवान जातीची आहे, परत द्या. फेरे मोजायला टॅकोमीटर नसेल तर फोन पुरतो. शाफ्टवर चिकटपट्टीचा लहानसा झेंडा लावा, त्याच्या एका बाजूला मार्करने खूण करा आणि २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चित्रित करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत खुणेचे दहा फेरे मोजा. दहा फेऱ्यांना ४८ फ्रेम लागल्या तर सेकंदाला ५० फेरे, मिनिटाला ३,०००. ३० फ्रेममध्ये संपले तर ४,८०० आणि मोटर आपल्या कामाची नाही. निदान सरळ जोडणीसाठी तरी नाही.

याच वेळी तारा उलट्या करून मोटर उलटीही फिरवून बघा. कॉर्डलेस ड्रिलच्या आणि रेसिंग गाड्यांच्या मोटरींत ब्रश मुद्दाम थोडे सरकवलेले असतात, म्हणजे एका दिशेला जास्त जोर मिळावा. टगचं निम्मं काम मागे येण्याचं. दोन्ही दिशांच्या फेऱ्यांत आणि अँपिअरमध्ये चांगला फरक दिसला तर ती मोटर नको.

भंगारवाल्याकडून किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोटर आणणारे भेटतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. गाडीच्या वायपरची मोटर नको, तिच्यात वर्म गिअर असतो आणि फेरे मिनिटाला शंभराच्या आतच. गाडीच्या एसीचा ब्लोअर मोठ्या टगला चालू शकतो, पण वीज बरीच खातो आणि अंगाने अवाढव्य असतो. जुन्या प्रिंटरमधली डीसी मोटर कित्येकदा छान निघते, कारण ती २४ ते ३६ व्होल्टसाठी गुंडाळलेली असते, तपासून घ्या. शिलाई मशीन आणि मिक्सरच्या मोटरी २३० व्होल्टच्या असतात. त्यांचं नाव पाण्याजवळ काढू नका.

ब्रशलेसचं काय? आउटरनर, म्हणजे बाहेरचा डबा फिरणाऱ्या ब्रशलेस मोटरवर केव्ही आकडा असतो, म्हणजे एका व्होल्टला किती फेरे. १२ व्होल्टला ३,००० म्हणजे केव्ही २५०. एवढी मंद आउटरनर मोठी आणि महाग असते, आणि सेन्सर नसलेली ब्रशलेस अगदी हळू फिरवायला गेलं की अडखळते, झटके देते. टगचं सगळं सौंदर्य धक्क्याला इंचाइंचाने लागण्यात. सेन्सरवाली मोटर आणि तिचा कंट्रोलर परवडत असेल तर घ्या. नाहीतर ब्रशवालीच.

पायरी ५: सरळ जोडणी की पट्टा?

मोटर ३,००० ची मिळाली तर सरळ जोडा, प्रश्न मिटला. हाताशी ६,००० किंवा ९,००० फेऱ्यांची चांगली मोटर पडून असेल तर थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो जीटी-२ दातेरी पट्टा घ्या. २० आणि ४० दातांच्या पुल्या लावल्या की फेरे निम्मे, २० आणि ६० ला एक-तृतीयांश. जोर त्याच प्रमाणात वाढतो. आवाज फार नाही, तेल नको, आणि मोटर शाफ्टच्या वर बसत असल्याने लांबीही वाचते. पट्टा बोटाने दाबल्यावर दोन-तीन मि.मी. दबला पाहिजे, ताणून तंग केला तर बेअरिंग आणि वीज दोन्ही जातात. गिअरही चालतात, पण आवाज करतात, आणि टगने कुरकुरू नये असं माझं मत आहे.

पायरी ६: शाफ्ट, बुश आणि सरळ रेषा

मोटर चांगली आणि शाफ्ट वाकडा, अशी बोट सर्वांत जास्त त्रास देते. म्हणून इथे घाई नको.

४ मि.मी.ची स्टेनलेसची ग्राउंड रॉड, ८ मि.मी. बाहेरच्या व्यासाची पितळी नळी, आणि नळीच्या दोन्ही टोकांना गनमेटलचे किंवा फॉस्फर ब्राँझचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळकांडी. तयार संच ऑनलाइन मिळतात. पण बडोद्यात राहून शाफ्ट ऑनलाइन मागवायचा? मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेथवाले आहेत. चहाच्या वेळेला गेलात आणि रेखाचित्र बरोबर नेलंत तर काम होतं. तिथला प्रश्न ठरलेला: “साहेब, बुश टाइट ठेवू की फ्री?” उत्तर द्या, “काका, रॉड उभी धरली की बुशमधून आपल्या वजनाने खाली घसरली पाहिजे, पण आडवी हलवली तर खडखड नको.” ४ मि.मी.चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवला की हे साधतं, नुसत्या ड्रिलने नाही. रॉडच्या पंख्याकडच्या टोकाला एम-४ आटे पाडून घ्या, आणि पंख्यामागे लॉकनट लावायला विसरू नका. मागे घेताना पंखा सुटून तळाशी गेला तर शोधायला कोणी उतरणार नाही.

नळीच्या मध्यावर एक बारीक उभी नळी झाळून घ्या. तिच्यातून तेल किंवा पातळ ग्रीस भरायचं. टगचा शाफ्ट खोल असतो, आतलं टोक बहुधा पाणरेषेखालीच येतं, त्यामुळे ग्रीसच पाणी अडवतं. तेलनळीचं तोंड मात्र पाणरेषेच्या वर हवं. घट्ट ग्रीस ठासू नका, मोटरलाच तिच्याशी झुंजावं लागेल. आतल्या बाजूला बुशला टेकणारी एक कॉलर आणि वॉशर लावा, म्हणजे पंख्याचा जोर नळीवर येतो, मोटरच्या बेअरिंगवर नाही.

मोटर आणि शाफ्टमध्ये युनिव्हर्सल कपलिंग येतं. ते थोडा वाकडेपणा सहन करतं, म्हणून लोक मोटर डोळ्यांच्या अंदाजाने बसवतात आणि मग बोट घरघरते. ही पद्धत वापरा: कपलिंग बाजूला ठेवा. लेथवाल्याकडून एक सरळ कडक पितळी नळकांडं करून घ्या, एका बाजूला ५ मि.मी. भोक मोटरच्या शाफ्टसाठी, दुसऱ्या बाजूला ४ मि.मी. प्रोपेलर शाफ्टसाठी. त्याने दोन्ही शाफ्ट जोडा, म्हणजे मोटर आपोआप एका रेषेत लटकते. आता मोटरचा माउंट तिच्याखाली सरकवा आणि जिथे असेल तिथेच इपॉक्सीने चिकटवा. रात्रभर हात लावू नका. सकाळी नळकांडं काढून कपलिंग बसवा.

तपासणी सोपी आहे. समजा, मोटर एकटी ०.४ अँपिअर घेत होती. शाफ्ट जोडल्यावर, पंखा न लावता, ०.५ ते ०.६ घेत असेल तर छान. एक अँपिअरच्या घरात गेली तर कुठेतरी घासतंय. ते शोधल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

पायरी ७: कंट्रोलर आणि वायरिंग

ईएससी, म्हणजे स्पीड कंट्रोलर, ब्रशवाल्या मोटरचा आणि पुढे-मागे दोन्ही चालणारा हवा. विमानाच्या ईएससीला रिव्हर्स नसतो. गाडीच्या ईएससीला असतो, पण पुष्कळांत रिमोटची कांडी मागे घेतली की आधी ब्रेक लागतो आणि दुसऱ्यांदा घेतल्यावर रिव्हर्स. धक्क्याला भिडायच्या वेळी हा खेळ परवडत नाही. बोटीचा घ्या, नाहीतर गाडीचा घेताना ब्रेकशिवाय थेट रिव्हर्सचा मोड आहे का ते बघा. तो बारा व्होल्टची लेड-अॅसिड चालवतो का, हेही.

किती अँपिअरचा? मोटर जाम झाल्यावर जेवढा प्रवाह घेते त्याच्या वर. आपली मोटर जाम झाली तर सहा-आठ अँपिअर ओढेल, त्यामुळे २० अँपिअरचा ईएससी भरपूर झाला. बॅटरीच्या धन तारेत, टर्मिनलला लागूनच, गाडीचा ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज टाका. पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकणं हा आपल्या तलावांतला रोजचा प्रकार आहे. अशा वेळी मोटरऐवजी फ्यूज गेलेला बरा.

मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये एक आणि प्रत्येक टर्मिनलपासून डब्यापर्यंत एकेक, असे १०४ नंबरचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावा. सोल्डर डब्याला धरत नसेल तर तिथला रंग कानशीने खरवडा. रिसीव्हरला वीज देणारा ईएससीतला बीईसी लिनियर प्रकारचा असेल तर बारा व्होल्टवर तो तापतो. वेगळा ५ व्होल्टचा स्विचिंग बीईसी लावा आणि ईएससीच्या प्लगातली लाल तार काढून टेपने झाका. रिसीव्हरचा फेलसेफ न्यूट्रलवर सेट करा. सिग्नल तुटला तर बोट थांबली पाहिजे, समोरच्या काठाला धडकायला जाता कामा नये.

पायरी ८: खांबाला बांधून बघा

सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. सोसायटीच्या स्विमिंग पुलात, सगळे पोहून गेल्यावर, बोटीच्या मागच्या बाजूला दोन मीटर दोरी बांधून तिचं दुसरं टोक काट्याला अडकवा. बाथटबात हे करू नका. फेकलेलं पाणी भिंतीवरून परत येतं आणि आकडा खोटा निघतो. बॅटरीच्या तारेत मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. पूर्ण ताकद अर्धा मिनिट. काटा, अँपिअर, आणि जमलं तर फेरे, तिन्ही लिहून ठेवा.

पाचशे ते सातशे ग्रॅम आणि दीड-दोन अँपिअर आले तर काम झालं. फेरे बिनभाराच्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेले असतील आणि अँपिअर चढले असतील तर पंखा मोटरला जड होतोय. पिच कमी करा किंवा पट्ट्याने फेरे उतरवा. फेरे नव्वद टक्क्यांच्या वर असतील तर मोटर आरामात आहे, जागा असेल तर पंखा मोठा करा. ओढ कमी, फेस जास्त आणि अँपिअर ठीक, असं असेल तर पंख्याचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलं आहे. मागे अर्धा किलो शिसं टाकून पुन्हा बघा. पंखा उलटा लागला असण्याचीही शक्यता असते, हसू नका.

दहा मिनिटं चालवून मोटरला हाताचं बोट लावा. तीन-चार सेकंद ठेवता आलं तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर ऊन, बंद डेक आणि मोटर यांचं जमत नाहीये. केबिनखालून हवा खेळायला वाट करा.

पाण्यात सोडताना

बडोद्यातल्या सूरसागर तलावाचा काठ बांधीव आहे आणि पाणी खाली, त्यामुळे नऊ किलोची बोट वाकून सोडणं-काढणं अवघड. कोणत्याही तलावावर जाण्याआधी महापालिकेची परवानगी विचारा. आजवा जलाशयाचं पाणी शहराला पिण्याला जातं, तिथे नको. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे बडोदेकराला सांगायला नको; पुराच्या पाण्याबरोबर त्या रस्त्यावरही येतात. म्हणून बोट मध्येच बंद पडली तर तिच्यामागे पाण्यात उतरायचं नाही, तलाव कितीही उथळ दिसो. बरोबर मासेमारीचा गळ-दोरा आणि टेनिस बॉल ठेवा. बॉल बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरा हळूहळू ओढत बोट काठाला आणायची.

दोन पंखे, आणि ते फिरणारे पंखे

दुसऱ्या बोटीला दोन पंखे लावावेसे वाटतील. प्रत्येकी निम्मी ओढ, म्हणजे लहान मोटरी चालतात, पण दोन्ही एकाच जातीच्या आणि ब्रश मधोमध असलेल्या हव्यात, कारण एक उलटी फिरणार. उजवीकडे उजवा पंखा, डावीकडे डावा, दोन्ही वरून बाहेरच्या अंगाला फिरणारे. दोन ईएससी असतील आणि वेगळा बीईसी लावलेला नसेल तर बीईसीची लाल तार एकाचीच जोडा. दोन्ही मोटरी वेगवेगळ्या चालवल्या की बोट जागच्या जागी वळते, सुकाणूला हातही लावावा लागत नाही. एका पंख्याच्या बोटीत ही चैन नाही. उजवा पंखा असेल तर मागे घेताना तिचं शेपूट डावीकडे जातं, आणि त्याची सवय करून घ्यावी लागते.

तळाखाली ३६० अंशांत फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये काटकोनात वळलेले बेव्हल गिअर असतात आणि वळवायला खास सर्व्हो. तयार युनिट महाग असतात, बाहेरून मागवावी लागतात, आणि त्यांच्या सीलमधून पाणी आत येतं का याकडे कायम लक्ष द्यावं लागतं. फॉइट-श्नायडर, म्हणजे तळाखाली उभी पाती गोल फिरवणारा एर्न्स्ट श्नायडरच्या डोक्यातून निघालेला पंखा, त्याहून अवघड. तिथे प्रत्येक पातं फेऱ्याच्या प्रत्येक अंशाला आपला कोन बदलत असतं. लेथवाल्याशी चांगली दोस्ती झाल्यावर त्याच्याकडे बघा. तोवर पहिल्या बोटीच्या शाफ्टला दर चार-पाच फेरफटक्यांनी ग्रीस भरा, पंख्यामागे गुंडाळलेला केस-दोरा काढा, आणि बॅटरी त्याच संध्याकाळी चार्जला लावा. लेड-अॅसिड रिकामी पडून राहिली की खराब होते.